पिंप्राळ्याचा व्हिसा

माणूस परदेशी दोन मार्गांनी जातो. एक विमानाने आणि दुसरा सत्काराने. विमानाने जाणाऱ्याला व्हिसा लागतो, सत्काराने जाणाऱ्याला वांगी लागतात. जळगावपुरतं बोलायचं तर दुसरा मार्ग जास्त खात्रीचा आहे. व्हिसा नाकारला गेल्याची उदाहरणं घरोघरी सापडतात. भरीत नाकारलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

हे मी अधिकाराने लिहितो आहे. पिंप्राळ्यातल्या सातपुडा दर्शन कॉलनीच्या (सातपुडा दिसत नाही, मधे पाण्याची टाकी आली आहे) ‘परदेशगमन गौरव व निरोप समिती’चा मी स्थापनेपासून कार्यवाह आहे. अध्यक्ष मोतीलाल आबा. ते दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, पण कुठलाही प्रश्न समोर आला की अजूनही हात मागे बांधून त्याच्याभोवती एक फेरी मारतात आणि मगच बोलतात. कॉलनीत पाण्याची समिती नाही, गटारीची नाही. ही मात्र आहे, आणि वेळेवर भरते.

कॉलनीत घरं दोन प्रकारची. ज्या घरातलं एक तरी लेकरू बाहेर आहे ते ‘मार्गी लागलेलं’ घर, आणि बाकीची ‘राहिलेली’. समितीच्या पाहणीनुसार मार्गी लागलेल्या घरात सरासरी दोन म्हातारी माणसं, एक मोठा टीव्ही आणि कपडे वाळत घालायची ट्रेडमिल आढळते. राहिलेल्या घरात माणसं जास्त, भांडणं जास्त आणि दाराबाहेर चपला मावत नाहीत. प्रगती कोणत्या घरात झाली हे वेगळं सांगायला नको. मार्गी लागलेल्यांत माझं घर पहिलं. माझी नूतन चार वर्षांपूर्वी डब्लिनला गेली. तिच्या निरोपाचं भरीत आजही प्रमाण मानतात. नंतरच्या प्रत्येक भरिताला लोक ‘नूतनच्या वेळेसारखं नाही’ म्हणतात आणि मला ते ऐकायला बरं वाटतं.

आता व्हिसाविषयी थोडं. आमच्या चौकात टायरच्या दुकानावर ‘गगनझेप व्हिसा मार्गदर्शन केंद्र’ आहे. ते पिंटू चालवतो. पिंटू स्वतः पश्चिमेला सुरतपर्यंत गेला आहे (लग्नाला, दुसऱ्या दिवशी परत). त्यामुळे त्याचं ज्ञान अनुभवाने गढूळ झालेलं नाही. त्याने मला सगळे पर्याय एकदा चहावर समजावून सांगितले. शिक्षणाचा व्हिसा घेतला की काम शोधत फिरायचं असतं. कामाचा व्हिसा हवा तर आधी काम हवं, आणि काम देणारा म्हणतो आधी व्हिसा आण. दोघं असे एकमेकांकडे बोट दाखवत असताना मधे जो खुर्ची टाकून बसतो त्याला मार्गदर्शक म्हणतात. काही देश नोकरी शोधण्याचाच व्हिसा देतात, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत बेकार राहण्याची अधिकृत परवानगी. (आपल्याकडे ती परवानगीशिवाय आणि मुदतीशिवाय मिळते.) जोडीदाराच्या व्हिसाला शिक्षणाची अट नाही, पत्रिका जुळली की झालं. शेवटचा पर्यटकाचा. तो मुख्यत्वे ज्यांच्या मुलीला किंवा सुनेला तिकडे दिवस गेले आहेत अशा आयांसाठी असतो. पर्यटनस्थळ: स्वयंपाकघर.

यांतल्या बहुतेक पर्यायांना एक अट सारखी आहे. साहेबाची खात्री पटवावी लागते की मी जाईन, पण परत येईन. जाण्याची परवानगी हवी असेल तर परत येण्याची ओढ दाखवायची. पिंटूने या ओढीचा वर्ग काढला आहे. त्यात पोरं रांगेत बसून ‘माझी आई इथे आहे, माझी शेती इथे आहे, मी राहूच शकत नाही’ असं इंग्रजीत पाठ करतात. वर्ग सुटला की जिन्यातच विचारतात, तिकडे कायमचं राहायला किती वर्षं लागतात.

आणि इथे योगेंद्र येतो.

योगेंद्र शेवटच्या घरातल्या प्रकाशभाऊ आणि कोकिळाबाईंचा एकुलता एक. प्रकाशभाऊ धुळ्याला कापडाच्या दुकानात हिशेबनीस आहेत. सोमवारी जातात, शनिवारी येतात. (धुळं परदेशात मोडत नसल्याने त्यांचा सत्कार झालेला नाही.) पोरगा ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. नोकरी चांगली, वागणं चांगलं, व्यसन एकच: वांगी भाजणं. भरीत खाणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, भाजणारे कमी. पराट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ कधी वाढवायचा, वांगं कधी उलटायचं, कुठल्या वांग्याला देठाकडून अजून थोडी आच हवी, हे तो नुसतं बघून ठरवायचा. नूतनचं ते प्रमाण मानलेलं भरीत त्यानेच भाजलं होतं. ती विमानात बसली तेव्हा तिच्या स्वेटरला धुराचा वास येत होता आणि तिने तिकडे पोचल्यावर तो बरेच दिवस धुतला नव्हता, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं.

असा हा मुलगा सुखात होता. समितीच्या दृष्टीने हीच अडचण होती. भेटेल तो त्याला विचारायचा, ‘तुझं काय चाललंय मग?’ तो म्हणायचा, ‘कारखाना चाललाय.’ ‘ते झालं, पण पुढे काय?’ एकदा तो चारचौघांत म्हणाला, ‘मला इथंच बरं वाटतं.’ त्यावर उषाताईंनी (दूध डेअरी, कोपऱ्यावर) कोकिळाबाईंना बाजूला घेऊन एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. शेवटी माणूस किती दिवस बरा राहणार? वर्षभरातच योगेंद्र पिंटूचा जिना चढला आणि कॅनडाच्या शिक्षणाचा अर्ज भरून खाली उतरला.

अर्ज भरला म्हणजे निरोप आला, आणि निरोप म्हणजे भरीत. बाहेरगावचे लोक विचारतात की व्हिसा येण्याआधी निरोप कसा? त्यांना वांग्यातलं काही कळत नाही म्हणून ते असं विचारतात. भरिताची ती मोठी हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी थंडीत येतात. व्हिसाचा निर्णय उन्हाळ्यात येतो. उन्हाळ्यात कोणी भरीत घालेल का? घातलं तर कोणी खाईल का? म्हणून समितीचा चौथा नियम स्पष्ट आहे: ‘गौरव अर्ज भरताच, वांग्याच्या हंगामात करण्यात यावा.’ वांगं कुठल्याही दूतावासासाठी थांबत नाही. दूतावासांनी आपलं वेळापत्रक बदलावं असं पत्र आम्ही पाठवलं होतं, त्यांचं उत्तर यायचं आहे.

तर पौषात, मोतीलाल आबांच्या असोद्याच्या मळ्यात कार्यक्रम झाला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर योगेंद्रचा फोटो, अंगात कोट (कोट फोटोवाल्याचा, मान योगेंद्रची), मागे पिसाचा कलता मनोरा, कारण फ्लेक्सवाल्याकडे परदेश म्हणून तेवढाच होता. पंक्ती उठत होत्या, बसत होत्या. कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, मिरचीचा ठेचा. एकच उणं राहिलं. सत्कारमूर्तीने चुलीशी बसू नये असा संकेत असल्यामुळे वांगी पिंटूने भाजली आणि ती निम्मी कच्ची राहिली. योगेंद्र हार घालून खुर्चीत बसला होता आणि त्याचं सगळं लक्ष जाळाकडे होतं. दोनदा अर्धवट उठला, दोन्ही वेळा आबांनी खांद्याला धरून बसवला.

भाषण मी केलं. मी प्रत्येक निरोपाला एक वाक्य बोलतो: ‘बाळा, आजपासून तू आमचा राहिला नाहीस, तू जगाचा झालास!’ या वाक्याला टाळ्या पडतात. या वाक्याचे पुढे काय परिणाम होतील याचा विचार वाक्य बोलताना करायचा नसतो. शाल दिली, नारळ दिला, कानटोपी दिली. कारखान्यानेही वेगळा निरोप देऊन त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. कोकिळाबाईंनी लोणचं घातलं.

वैशाखात निर्णय आला. अर्ज नामंजूर. कारण दिलं होतं की अर्जदार शिक्षण संपल्यावर मायदेशी परत जाईल याबद्दल आमचं समाधान झालेलं नाही.

योगेंद्रने ते वाचलं आणि, कोकिळाबाई सांगतात, मोठ्याने हसला. चार महिन्यांचं ओझं उतरल्यासारखा. जेवला, झोपला, सकाळी बनियन-लुंगीवर पिशवी घेऊन दूध आणायला गेला.

‘अगं बाई!’ उषाताई म्हणाल्या. ‘कधी आला रे?’

‘गेलोच नाही, ताई. नाही मिळाला व्हिसा.’

‘हो का? बरं झालं,’ उषाताई दुधाचं माप भरत म्हणाल्या. ‘किती दिवस आहे मग?’

यात उषाताईंचा दोष नाही. त्यांनी भरीत खाल्लं होतं. कच्चं का होईना, खाल्लं होतं. ज्याचा निरोप समारंभ आपल्या पोटात गेला तो माणूस गेला, हे साधं शहाणपण आहे. तो समोर उभा असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तो आला आहे. आणि आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? कधी आला, किती दिवस आहे, कधी निघणार. विमानतळावर काचेमागचा साहेबही हेच तीन प्रश्न विचारतो असं मी ऐकून आहे. फरक एवढाच की तो शिक्का मारून पुढे सोडतो.

पुढच्या काही आठवड्यांत योगेंद्रची उत्तम सोय झाली. ज्याच्या घरी जाईल तिथे उकळलेलं पाणी. भाजीत तिखट कमी. पोहे खायला बसला की ‘खा, तिकडे काय मिळतं’ असा आग्रह. पोरं बर्फाबद्दल विचारायची. रिक्षावाला, ज्याच्याबरोबर तो शाळेत होता, त्याला ‘सर’ म्हणाला. कारखान्यात गेला तर साहेबांनी खुर्ची दिली, नवीन माणसाची ओळख करून दिली आणि तिकडच्या नळ्या कशा असतात ते विचारलं. जुनी जागा? साहेब दिलखुलास हसले. ‘तुम्ही आता कशाला अडकता इथे!’ संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल चालू होता. आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभा राहिला तर पोरांनी खेळ थांबवून त्याच्या हस्ते सर्व्हिस करवली, टाळ्या वाजवल्या आणि त्याला कडेच्या बाकावर बसवलं.

पहिल्यांदा तो प्रत्येकाला समजावून सांगायचा, की मी गेलो नव्हतो. लोक ऐकून घ्यायचे आणि नम्रपणाचं कौतुक करायचे. इतका बाहेर जाऊन आला, पण बोलण्यात दाखवत नाही.

गणपतीत माळा लावायला शिडीवर चढला तेव्हा आबांनी त्याला खाली उतरवलं. ‘पाहुण्याने काम करायचं नाही. बस, चहा घे.’ त्या दिवशी तो घरी जाऊन बराच वेळ ओट्यावर बसून होता म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याने समितीला लेखी विनंती केली. दोनच ओळी होत्या: मी या कॉलनीत राहतो. मला या कॉलनीत राहणारा समजण्यात यावं.

विनंती वरवर सोपी दिसते. पण समितीने कॉलनीच्या सभागृहात बसून विचार केला तेव्हा तिचे धोके लक्षात आले. योगेंद्र गेलाच नाही असं मान्य केलं, तर आपण जे खाल्लं ते काय होतं? ज्यांनी तीन वेळा वाढून घेतलं त्यांनी कोणत्या नात्याने घेतलं? शाल परत घ्यावी लागेल (आणि ती योगेंद्रच्या आईने पुढे एका बारशात, तिथून त्यांनी एका साखरपुड्यात, अशी केव्हाच मार्गी लावली होती). एक सत्कार मागे घेतला की सगळेच सत्कार सैल होतात. मोतीलाल आबांचा ‘जीवनगौरव’ झाला आहे. उद्या कोणी विचारेल, जीवनात काय केलं? आबा हात मागे बांधून सभागृहात दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, ‘मागे घेता येणार नाही. पण माणुसकी म्हणून मार्ग काढू.’

मार्ग मीच सुचवला, आणि मला आजही तो सुबक वाटतो. योगेंद्र परदेशी गेलेला आहे, हे कायम. मात्र त्याला पिंप्राळ्यात राहण्याची रीतसर परवानगी द्यावी. म्हणजे व्हिसा. सुधारलेले देश हेच करतात. मी त्याच रात्री प्रकार ठरवून टाकले: सणावाराचा, लग्नकार्याचा, आईबापाच्या आजारपणाचा (डॉक्टरांची चिठ्ठी हवी, साध्या खोकल्याला चालणार नाही) आणि सर्वसाधारण भेटीचा. कामाचा प्रकार मुद्दाम ठेवला नाही. बाहेरून येऊन लोक आपल्या पोरांची कामं घेतात अशी तक्रार जगभर आहे. प्रत्येक प्रकाराला एकच सामाईक अट घातली: मुदत संपल्यावर परत जाणार याबद्दल समितीचं समाधान व्हायला हवं.

मुलाखत रविवारी झाली. टेबलामागे आबा, मी आणि तज्ज्ञ म्हणून पिंटू. समोर योगेंद्र. मागे भिंतीला टेकून कोकिळाबाई आणि तमाम कॉलनी. प्रकाशभाऊ शनिवारी आले होते ते दाराशी उभे होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

‘इथे येण्याचा उद्देश?’ आबांनी विचारलं.

‘आबा, मी इथेच राहतो. तुमच्या मागच्या गल्लीत. काल तुमचा इन्व्हर्टर मीच—’

‘उद्देश सांग बेटा. आम्हाला रकाना भरायचा आहे.’

‘राहणं.’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रकार पुन्हा तपासले. ‘राहणं या उद्देशाला आपल्याकडे वर्ग नाही,’ मी सांगितलं.

‘किती दिवस राहायचा विचार आहे?’ पिंटूने विचारलं.

‘कायम.’

पिंटूने कपाळाला हात लावला. गेली कित्येक वर्षं तो पोरांना हेच घोकून घेत होता की काही झालं तरी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जगातल्या कुठल्याही काचेसमोर या एका शब्दावर माणूस घरी पाठवला जातो. योगेंद्रच्या बाबतीत अडचण अशी की घरी पाठवायचा म्हणजे पुन्हा आमच्याकडेच.

‘परत जाण्याची ओढ दाखव,’ पिंटू कळवळून कुजबुजला. ‘तिकडे काहीतरी आहे असं सांग.’

‘कुठे तिकडे?’ योगेंद्र म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला. ‘ते म्हणाले, तू परत जाणार नाहीस, म्हणून येऊ नको. तुम्ही म्हणता, तू गेलेला आहेस, म्हणून राहू नको. मग मी उभा कुठे राहू? टाकीवर?’

प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याने आम्ही तो नोंदवला नाही. मग कोकिळाबाई भिंतीपासून सुटून पुढे आल्या. त्या पिंपळनेरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. एरवी सभेत बोलत नाहीत, पण बोलल्या तर टेबलाला घाबरत नाहीत.

‘मन्हा आंडोर मन्हा घरमा शे,’ त्या म्हणाल्या. ‘मन्हाच हातनी भाकर खास, मन्हाच घरमा झोपस. आनि तुम्हीन बठ्ठा त्याले इचारतस, कवय उना, किती दिन शे! तुम्हले डोया शेतस का नहीत?’

‘वहिनी, प्रक्रिया आहे,’ मी म्हणालो.

‘तुम्हनी प्रक्रिया माले नका सांगू, भाऊ. मन्हं लगीन व्हयनं तवयपाईन मी माहेरले गऊ का पहिला सवाल हाऊच, किती दिन ऱ्हाशी? ज्या घरमा जनमले उनू तठे मी पाहुनी. मी ते सोसं. आते मन्हा पोऱ्यालेबी त्याना घरमा पाहुना करतस का?’

मागून बायकांमधून हुंकार आला. काहीजणी हसल्या आणि मधेच थांबल्या. उषाताई पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. मला वाटलं आता सभा हातची जाते, पण आबांना मोठमोठी यंत्रं सांभाळायची सवय. ते उठले, कोकिळाबाईंभोवती अर्धी फेरी मारली आणि म्हणाले, ‘भावना पोचल्या. सर्वसाधारण भेटीचा परवाना देऊ. होळीपर्यंत. पुढे वाढवता येईल. मात्र काम करायचं नाही.’

ठराव मंजूर झाला. योगेंद्रने सही केली नाही. आम्ही ती ‘केली असं समजून’ पुढे गेलो.

थंडी पडली. वांगी आली. यंदाचा निरोप आबांच्या नातीचा, सरिताचा होता. ती परिचारिका म्हणून जर्मनीला जायची आहे (अर्ज भरला आहे). मळा तोच, फ्लेक्सवरचा मनोराही तोच. योगेंद्रला ‘परदेशस्थ मान्यवर’ म्हणून व्यासपीठावर खुर्ची होती. त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता आणि योगेंद्र स्वतः जरा वाळला होता. जाळाशी पिंटू.

माझं भाषण रंगात आलं होतं. ‘आजपासून तू आमची राहिली नाहीस’ इथपर्यंत आलो तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला. वांगी बाहेरून करपत होती आणि आत कच्ची राहत होती. भरिताच्या माणसाला तो वास ताबडतोब कळतो. योगेंद्र उठला. आबांनी त्याच्या खांद्याकडे हात नेला, पण तो त्या हाताखालून निघून गेला. व्यासपीठावरून उतरला, पिंटूच्या हातातली काठी घेतली, पेटत्या पराट्या बाजूला ओढल्या, थोडे निखारे मोकळे केले आणि जाळाशी उकिडवा बसून वांगी उलटायला लागला. कोणाशी बोलला नाही. पांढरा शर्ट काळा झाला.

परवान्याच्या अटीचा हा उघड भंग होता. मी तशी मनात नोंद केली. मग पंगत बसली, माझ्यापुढे पान आलं. मी घास घेतला आणि भाषणाचं उरलेलं अर्धं वाक्य विसरलो. सारी पंगत गप्प होऊन जेवत होती. ‘नूतनच्या वेळचं,’ माझ्या शेजारी उषाताई हळूच म्हणाल्या. त्यांनी योगेंद्रला हाक मारून विचारलं, ‘अरे भाऊ, उद्यापासून दूध किती टाकू?’ तो वर बघून म्हणाला, ‘नेहमीचंच.’ बस, एवढंच. परवान्याची मुदत वगैरे कोणी काढली नाही. मीही काढली नाही. मला खरोखर बरं वाटलं आणि ते लिहायला इतिवृत्तात जागा नव्हती.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. नूतनचा होता. मी तोंडातला घास गिळत मोठ्याने म्हणालो, ‘अगं, आम्ही भरीत खातोय! योगेंद्रने भाजलंय!’

‘बाबा,’ ती म्हणाली. ‘बाबा, माझी कामाची परवानगी पुढे वाढली नाही. वाढवायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही. मी घरी येते.’

‘ये की!’ मी म्हणालो. माझा आनंद खरा होता, हे लिहून ठेवतो. पंगतीला हात वर करून खुणेने सांगितलंसुद्धा, नूतन येतेय. आणि त्याच आनंदाच्या भरात, घास तोंडाशी नेता नेता, मी विचारलं, ‘किती दिवस आहे मग?’

समोर पाहिलं तर कोकिळाबाईंचा हात पानावरच थांबला होता. योगेंद्र काठी टेकून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं.

‘बाबा,’ नूतन हळू म्हणाली, ‘मी घरी येते म्हटलं.’

नूतन पुढच्या महिन्यात येईल. समितीची बैठक मी अद्याप बोलावलेली नाही. प्रकारांची यादी मात्र काढून पाहिली. राहणं या उद्देशाला वर्ग नाही, तो मीच ठेवला नव्हता.

तुम्ही हसलात, हरकत नाही. पिंप्राळ्याची माणसं आहेतच तशी. फक्त जमल्यास एक आठवून बघा. तुमचं लेकरू मागच्या वेळी पुण्याहून, दुबईहून किंवा सासरहून येऊन दारात बॅग टेकवून उभं होतं, तेव्हा त्याने चपला काढण्याआधी तुम्ही त्याला पहिलं काय विचारलं होतं? आठवत नसेल तर राहू द्या. त्याला आठवत असेल.